खिसा, गळा आणि मुंढा : आमची वाटचाल

गोव्यात म्हापशाच्या आमच्या कारखान्यात फक्त पोहण्याचे कपडे शिवले जातात. सुरुवात झाली कळंगुट-बागाच्या दुकानांना शॉर्ट्स आणि कॉस्च्युम पुरवण्यापासून. तो धंदा हंगामाचा. ऑक्टोबर ते मे हाताला उसंत नाही, आणि पावसाळ्यात समुद्र बंद, दुकानं बंद, मशिनवर चादर. नोटाबंदी झाली, २०१७ साली जीएसटी आला, ते सगळ्या लहान कारखानदारांनी सोसलं, आम्हीही सोसलं. आमचं नाव झालं ते वेगळ्या मालावर : स्तनाच्या कर्करोगात एक किंवा दोन्ही स्तन काढलेल्या बायकांसाठी शिवलेल्या कॉस्च्युमवर.

याचं श्रेय फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेचं. नाव छापू नका असं त्यांनीच सांगितलंय. कारखान्यात सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात. डावा स्तन काढलेला, त्या बाजूच्या काखेतल्या ग्रंथीही काढलेल्या. ऑपरेशनआधी त्या पणजीत कांपालच्या पोहण्याच्या तलावावर पोहायच्या आणि त्यांना परत पाण्यात उतरायचं होतं. बाजारातून आणलेला कॉस्च्युम त्यांनी कटिंगच्या टेबलावर पसरला आणि एखाद्या उत्तरपत्रिकेसारखा तपासून दाखवला. गळा खोल, उभं राहिलं तर ठीक, वाकलं की पुढे सुटतो, कारण आतून त्याला धरायला उभार नाही. मुंढा, म्हणजे हात बाहेर येतो ती खाच, खोल, काखेपर्यंत गेलेला व्रण उघडा पडतो. कपमधला स्पंज पाणी पितो आणि बाहेर आल्यावर ठिबकत राहतो. पट्टा बारीक, ग्रंथी काढल्यामुळे ज्या हाताला सूज येण्याची भीती, त्याच खांद्यात रुततो. मग त्या म्हणाल्या, ‘‘वाकल्यावर माझा हात छातीवर जाता कामा नये. तेवढं जमवा.’’

आजही आमच्याकडे माल पास होतो तो याच कसोटीवर. पाण्यात उतरणाऱ्या बाईला धीर येतो तो कपडा जागचा हलत नाही या खात्रीतून. ती खात्री कटिंगमध्येच द्यावी लागते, नंतर वरून ठिगळ लावून येत नाही.

कापड आम्ही सुरतेहून घेतो, ८० टक्के नायलॉन आणि २० टक्के स्पॅन्डेक्स, म्हणजे लायक्रा. रोज क्लोरिनच्या पाण्यात उतरणाऱ्या गिऱ्हाइकाला पॉलिस्टर-पीबीटी देतो, लायक्राशिवाय ताणलं जाणारं कापड. ते अंगाला किंचित कडक लागतं, पण क्लोरिनपुढे जास्त टिकतं. ताका उलगडून रात्रभर सैल पडू द्यायचा आणि मगच कापायचा, नाहीतर गुंडाळताना ताणलेलं कापड शिवल्यावर आखडतं आणि माप चुकतं. सुई बॉलपॉइंटच, म्हणजे गोल टोकाची, ११ नंबर. साधी टोकदार सुई लायक्राचा धागा छेदते, टाके सुटतात आणि ताणलं की बारीक भोकं दिसतात. जोड चार धाग्यांच्या ओव्हरलॉकवर, धागा फुगीर नायलॉनचा. साधी सरळ टीप मारली तर कॉस्च्युम चढवतानाच ती तटकन तुटते. छातीवरचे आणि काखेतले जोड मात्र फ्लॅटलॉकवर, म्हणजे आत कड उभी राहत नाही. यामागे कारण आहे. ऑपरेशननंतर छातीचा आणि काखेचा बराच भाग बधिर होतो. तिथे जोड घासतोय हे बाईला कळतच नाही, घरी जाऊन आरशात लाल पट्टा दिसतो तेव्हा कळतं.

आता खिसा. फॉर्म, म्हणजे कृत्रिम स्तन, ज्यात बसतो तो आतला खिसा. आमचा खिसा ताणल्या जाणाऱ्या बारीक जाळीच्या ट्रायकोट कापडाचा असतो, मधल्या रेषेपासून बाजूच्या जोडापर्यंत अख्खा कापलेला. वरून आणि खालून बंद. तोंड काखेच्या बाजूला, आठ ते दहा सेंटिमीटर, तिरकं. वरून उघडा ठेवला तर हलका फॉर्म पाण्यात तरंगून गळ्याशी येतो. रुंदीला फॉर्मपेक्षा एक-दीड सेंटिमीटरच जास्त. त्याहून सैल झाला तर फॉर्म आतल्या आत फिरतो आणि बाजू उलटी दिसते. स्तनांच्या खाली आतून दोन-अडीच सेंटिमीटर रुंद पट्टी, तिचं इलॅस्टिक मापापेक्षा साधारण दहा टक्के आखूड. ही पट्टी फॉर्मचं वजन पेलते, त्यामुळे खांद्यावर ताण येत नाही आणि पट्टा चार सेंटिमीटर रुंद, मऊ ठेवता येतो. गळा नेहमीच्या फर्म्यापेक्षा (कटिंगच्या नमुन्यापेक्षा) चार सेंटिमीटर वर, मुंढा दोन सेंटिमीटर वर. मुंढा याहून वर नेला तर हात फिरवताना काखेत कापतो. खिसा दोन्ही बाजूंना शिवतो, एकच स्तन काढला असला तरी. फॉर्म बदलला, पुढे दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया झाली किंवा नुसता पातळ पॅड घालून दोन्ही बाजू सारख्या करायच्या झाल्या, तर तोच कॉस्च्युम चालतो.

फॉर्म न घालता पोहणाऱ्या बायका अनेक आहेत आणि त्यांना ‘फॉर्म घ्याच’ म्हणणारा दुकानदार आम्हाला आवडत नाही. त्यांच्यासाठी दोन बाजूंचे फर्मे वेगळे कापतो. सपाट बाजूचा उभार काढून टाकायचा, मध्यभागी चुण्या घ्यायच्या आणि छापील कापड तिरकं फिरवायचं. नजर तिरक्या रेषेवरून सरकते, दोन बाजूंची तुलना करत नाही. फिकट एकरंगी कापड ओलं झालं की अंगाला चिकटून सगळं सांगतं, तिथे दुहेरी अस्तर हवंच.

या मालावर आमचे चांगले दिवस आले. बाईंनी फोंड्याहून, मडगावहून बायका पाठवल्या, एका वैद्यकीय साहित्याच्या दुकानाने नियमित माल घ्यायला सुरुवात केली, बेळगाव-कोल्हापूरहून फोन येऊ लागले.

मग तो व्यापारी आला. किनाऱ्यावरच्या दुकानांना माल पुरवणारा, धंद्यात मुरलेला, ओळखीतूनच आलेला. मोठी ऑर्डर देतो म्हणाला, नमुने घेऊन गेला आणि पुन्हा फिरकला नाही. पुढच्या हंगामात आमचाच गळा, आमच्याच चुण्या, अगदी आमची छपाईसुद्धा निम्म्या किमतीत बाजारात आली. बाहेरून ओळखता येऊ नये इतकी हुबेहूब. आत मात्र त्याने सगळं वाचवलं होतं. खिसा सुती होजियरीचा आणि वरून उघडा. खालची पट्टी नाहीच. इलॅस्टिक पांढरं, विणलेलं, नाड्यांना घालतात तसलं. ते क्लोरिनने आणि सनस्क्रीनच्या तेलाने एका हंगामात लोळागोळा होतं. होजियरी पाणी धरून ठेवते, वाळत नाही, आणि रेडिएशन झालेल्या नाजूक त्वचेवर तो ओला बोळा तासन्‌तास घासतो.

तो माल घेतलेल्या बायका पोहायच्या तलावावर, कोलव्याच्या समुद्रात, दहा लोकांसमोर फजीत झाल्या. फॉर्म गळ्यातून वर आला. त्यातल्या एकीने पोहणंच सोडलं, हे आम्हाला बाईंकडून कळलं. आणि तो माल आमचाच आहे, असं सांगून विकला जात होता. वैद्यकीय साहित्याच्या दुकानाने ‘तुमचा माल सरकतो’ म्हणून आमचे गठ्ठे परत पाठवले. आम्ही दोन्ही कॉस्च्युम शेजारी ठेवून, खिसे उलटे करून दाखवले. दुकानदाराने बघितलं, मान हलवली आणि तरी स्वस्त मालच ठेवला. त्याचा राग आजही गेलेला नाही. कापडाची चोरी झाली असती तर विसरलो असतो. इथे ज्यांनी एवढं भोगलं त्या बायकांच्या विश्वासाची चोरी झाली.

त्यातून सावरतोय तोच मार्च २०२० आला. किनारे ओस, तलाव बंद, मशिनचे हप्ते चालू. आम्ही मास्क शिवले, कारागिरांना अर्ध्या पगारावर धरून ठेवलं. कारखाना विकायची बोलणीही झाली होती. तेव्हा बाईंनी ओळखीच्या बायकांकडून आगाऊ पैसे गोळा करून ऑर्डर आणली, तलाव कधी उघडतील याचा पत्ता नसताना. त्या पैशांतून सुरतेचा ताका आला आणि ओव्हरलॉक पुन्हा फिरू लागलं. तेव्हापासून प्रत्येक नगाच्या खिशाच्या आत आमच्या नावाची पट्टी शिवलेली असते. बाहेरच्या पट्टीची कुणीही नक्कल करतो.

विकत घेणाऱ्यांसाठी थोडं, कुणी विचारलं नसलं तरी. जखम पूर्ण भरल्याशिवाय, ऑपरेशनच्या वेळी लावलेल्या नळ्या निघाल्याशिवाय आणि सर्जनने हो म्हटल्याशिवाय पाण्यात उतरू नका. रेडिएशन चालू असताना क्लोरिनचा तलाव टाळाच. रोजचा सिलिकॉन फॉर्म मध्यम मापात ४०० ते ५०० ग्रॅम भरतो. तो पाण्यात चालतो, पण क्लोरिन आणि खारं पाणी लगेच गोड्या पाण्याने धुवावं लागतं. पोहण्याचा वेगळा फॉर्म हलका, पारदर्शक सिलिकॉनचा आणि मागून पन्हळी असलेला मिळतो, पाणी त्यातून निथळून जातं. तेवढा खर्च झेपत नसेल तर आंघोळीचा नायलॉन जाळीचा गोळा धुऊन, दोरी कापून खिशात घाला. तो पाणी धरत नाही. कापूस किंवा स्पंज घालू नका. तलावात उतरण्याआधी शॉवरखाली कॉस्च्युम भिजवा, साध्या पाण्याने भरलेलं कापड क्लोरिन कमी ओढतं. नंतर फॉर्म काढून, तो आणि कॉस्च्युम वेगवेगळे हाताने धुऊन, सावलीत वाळवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पंख्याखालीच, नाहीतर खिशाच्या जाळीवर बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते जात नाहीत.

माप द्यायला येताना रोजची ब्रा आणि फॉर्म घालूनच या. छातीचा आणि छातीखालचा घेर घेतोच, पण सगळ्यात महत्त्वाचं माप धडाचं : खांद्यावरून पुढून खाली, दोन पायांमधून मागून परत त्याच खांद्यापर्यंत. हे कमी पडलं तर कॉस्च्युम खांदे खाली ओढतो आणि गळा सुटतो, मग खिसा कितीही चांगला असो. घालून पाहताना नुसतं आरशासमोर उभं राहू नका. दोन्ही हात वर करा, खाली बसा, जमिनीवरची चप्पल उचलायला वाका, चार उड्या मारा. एकदाही हात छातीकडे गेला तर तो नग घेऊ नका. आमचा असेल तर तिथेच उसवून पुन्हा शिवून देतो, त्याचे पैसे लागत नाहीत.