दूध-नाचणी खा म्हणालात, म्हणून

बरगडी मोडल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढता काढता एकच विचारतो, "हाडं ठिसूळ झालीत म्हणता, मग कॅल्शियम का नाही घेत? दूध घ्या, नाचणी खा." आमच्या वन्संनी तर दीड किलो नाचणीचं सत्त्वच पाठवून दिलं. परवा तुम्हीही फोनवर तेच विचारलंत. माझ्या किडन्या बंद पडल्यात, मशीनने रक्त साफ करून घेते, म्हणजे डायलिसिसवर आहे, आणि हाडांचं दुखणं त्यातूनच आलंय. ते फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते.

आधी बरगडीचं. मी पडले नाही, कुठे आपटले नाही. आमचं वॉशिंग मशीन वरून झाकण उघडणारं आहे. तळाशी एक मोजा चिकटून बसला होता, तो काढायला काठावर छाती टेकून वाकले. गवारीची शेंग मोडावी तसा आवाज झाला. मला वाटलं, मशीनचंच काहीतरी गेलं. मग श्वास घेतला आणि कळलं काय गेलं ते.

एक्स-रेमधली बरगडीची चीर डॉक्टरांना बोट ठेवून दाखवावी लागली, इतकी बारीक होती. पण हृदयातून वर जाऊन वळणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेला खडूने ओढल्यासारखी एक पांढरी रेघ होती, ती मात्र मला आपसूक दिसली. "हे काय?" म्हटलं. "कॅल्शियम," डॉक्टर म्हणाले. म्हणजे बघा, अंगात कॅल्शियम नव्हतं असं नाही. हाडांत असायला हवं ते जाऊन रक्तवाहिनीत बसलं होतं.

पतसंस्थेत २८ वर्षं खतावण्या लिहिल्या आहेत, त्यामुळे मला सगळं हिशेबाच्या भाषेतच कळतं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं, ती मुदत ठेव. रक्तात फिरते ती निव्वळ चिल्लर, पण हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, सगळं त्या चिल्लरीवर चालतं. ती कमी पडून चालत नाही. त्यावर नजर ठेवायला गळ्यात, थायरॉईडच्या मागे, चार चिमुकल्या ग्रंथी असतात, पॅराथायरॉईड. चिल्लर घटली की त्या पीटीएच नावाचं हार्मोन सोडतात आणि ते सरळ हाडांतली ठेव मोडायला लागतं.

आता चिल्लर घटते कशामुळे? कारण ड जीवनसत्त्वाच्या चेकवर दोन सह्या लागतात. पहिली यकृताची, दुसरी किडनीची. माझ्याकडे दुसरी सही करणारा साहेबच नाही. मग चेक वटत नाही आणि आतडं जेवणातलं कॅल्शियम धड उचलत नाही. कोवळ्या उन्हात बसा, असंही सगळे सांगतात, पण ऊन पहिल्या सहीच्याही आधीचं काम करतं. शेजारचे आजोबा मला रोज गच्चीवर बोलावतात, मी जातेही, पण ते गप्पांसाठी. सही झालेलं तयार ड जीवनसत्त्व मला वेगळ्या गोळीतून घ्यावं लागतं.

दुसरी भानगड जेवणातून येणाऱ्या फॉस्फरसची. किडन्या चालू होत्या तेव्हा तो लघवीवाटे जायचा, आता साचतो आणि साचला की त्या ग्रंथींना आणखी डिवचतो. माझं पीटीएच एकदा ११८० आलं होतं. निरोगी माणसाचं साधारण ६५ च्या आत असतं. आम्हा डायलिसिसवाल्यांचं त्याच्या दुपटीपासून नऊपटीपर्यंत चालवून घेतात, कारण औषधांनी फारच दाबलं तर हाडांची रोजची डागडुजीच थंडावते आणि तसलं हाडही ठिसूळच.

तुम्ही म्हणाल, सोम-बुध-शुक्र चार-चार तास मशीनवर असता, मग फॉस्फरस निघून जात नाही? जातो, पण पुरता नाही. आठवड्याच्या जेवणातून अंदाजे चार हजार मिलिग्रॅम रक्तात उतरतो, तीन वेळच्या डायलिसिसमध्ये मिळून अडीच हजाराच्या आसपास बाहेर पडतो. उरलेल्यासाठी गोळी.

या गोळीचीच गोष्ट सांगायची आहे. पहिल्या वर्षी मला कॅल्शियमचीच गोळी दिली होती. म्हणजे तुमचा सल्ला मी न मागताच पाळत होते! पाकिटावर कॅल्शियम वाचलं, म्हटलं ही हाडांची गोळी. आमच्या सासूबाई हाडांची गोळी रात्री झोपताना दुधाबरोबर घ्यायच्या, तशीच मी घेऊ लागले. आठ महिने. फॉस्फरस दर महिन्याला सातच्या वर, तो साडेचार-पाचाच्या आसपास हवा. ओरडा मला बसायचा, काय खाता म्हणून. शेवटी सुई टोचता टोचता डायलिसिस सेंटरमधल्या ब्रदरने सहज विचारलं, "काकू, गोळी कितव्या घासाला घेता?" मी म्हटलं, "घासाला कशाला? जेवण होऊन दोन तास होतात." तो सुई तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला.

ती गोळी हाडांसाठी नव्हतीच. जेवणातल्या फॉस्फरसला पोटातच पकडायचं आणि शौचावाटे बाहेर काढायचं, हे तिचं काम. ताटात अन्न नसेल तर ती पकडणार कुणाला? रिकाम्या पोटी घेतली की नुसतं कॅल्शियम रक्तात जातं. त्या आठ महिन्यांचा त्या पांढऱ्या रेघेत किती वाटा, हे कुणी सांगू शकत नाही, मी विचारतही नाही. आता मला कॅल्शियम नसलेली, सेव्हेलॅमर नावाची गोळी आहे. ढोबळी गोळी, महागही. पण लग्नात पंगतीत बसल्यावर पहिल्या घासाबरोबर पर्समधली डबी काढते ती याचसाठी.

बरगडीनंतर एका हाडांच्या डॉक्टरांकडेही गेलो होतो. त्यांनी सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन लिहून दिलं. साध्या ठिसूळपणावर ते चांगलं औषध आहे. ह्यांनी चिठ्ठी घेऊन थेट किडनीच्या डॉक्टरांना गाठलं आणि त्यांनी ते थांबवलं. डायलिसिसच्या पेशंटमध्ये त्या इंजेक्शनने रक्तातलं कॅल्शियम जिवावर बेतेल इतकं उतरू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ च्या जानेवारीत त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. द्यायचंच तर रक्त सारखं तपासत, हाडात नेमकं काय चाललंय ते ओळखून. हाडांची घनता मोजली की हाड विरळ झालंय एवढं कळतं, ठेव भराभर मोडली जातेय की डागडुजीच बंद आहे, ते कळत नाही. आणि दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट. म्हणून दुकानातून आपल्या मनाने आणलेली कुठलीही हाडांची गोळी मी आता घरात ठेवत नाही.

राहिलं खाणं. दुधातही फॉस्फरस असतोच, म्हणून दिवसाला एक कप, तोही चहात धरून. साताऱ्याकडच्या बाईला कूट सोडायला सांगणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. खिचडीला चमचाभर चालतं, कारण दाण्यातला फॉस्फरस शरीर सगळा उचलत नाही. काळं कोल्ड्रिंक आणि तुमच्या नातवाच्या सँडविचमधलं पाकिटातलं चीज मात्र नाही. त्यात वरून घातलेला फॉस्फेट असतो, तो जवळजवळ सगळा अंगी लागतो. अंड्याचा पांढरा भाग रोज. वन्संचं सत्त्व कामवाल्या मावशींच्या बाळाला दिलं, हे कृपा करून त्यांना सांगू नका.

बरगडी जुळायला अडीच महिने लागले. कपडे आता हे काढतात. तो मोजा मिळाला, जोडीचा दुसरा हरवलाय.