प्रार्थनेतली ती ओळ

रुग्णालयातला पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, हा फक्त प्रार्थना म्हणणारा माणूस, असं लोकांना वाटतं. निम्मं काम खुर्च्या लावण्याचं असतं. नातलगांना शवागारात नेण्याआधी मी एकटा आत जातो. एक खुर्ची डोक्याशी, दुसरी दाराजवळ. चादर गळ्यापर्यंत, पण एक हात बाहेर काढलेला, कारण माणसं आधी हाताला हात लावतात, चेहऱ्याला नंतर. अपघाती मृत्यू असेल तर शवविच्छेदन होईपर्यंत घशातली नळी तशीच ठेवावी लागते. हे दाराबाहेरच सांगायचं, नेमक्या शब्दांत: तोंडात नळी आहे, डाव्या गालावर टाके आहेत, हात गार लागेल. न सांगता आत नेलं की पुढे कित्येक वर्षं ती नळीच आठवत राहते. नव्या परिचारिका चेहरा झाकून ठेवतात. दयेपोटीच, पण चुकतं. न पाहिलेला चेहरा मनात फार भयंकर होत जातो.

त्या रात्री ही तयारी बारा वर्षांच्या मुलीसाठी होती. समोरच्या चालकाला डुलकी लागली आणि गाडी दुभाजक ओलांडून आली. वडील जागेवरच गेले, मुलगी शस्त्रक्रिया चालू असताना. आई मागच्या सीटवर होती. तिच्या एका हाताला प्लास्टर, बाकी काही नाही.

आत ती चाळीस मिनिटं बसली. शवागाराचा कर्मचारी दोनदा डोकावला, त्याला मी हातानंच थांबवलं. मग ती म्हणाली, "पाळकसाहेब, काहीतरी वाचा." अशा वेळी बहुतेक जण बायबलमधलं 23वं स्तोत्र वाचतात, धीर देणारं. मी 88वं वाचलं. दीडशे स्तोत्रांतली सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या शेवटी आशेची एखादी ओळ येते, 88व्यात ती नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. ज्या शास्त्रानं हे स्तोत्र वगळलं नाही, त्याच्या नावानं आपण शोकात असलेल्या माणसाला घाईघाईनं आनंदी करायला बघतो, याची मला चीड येते. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. बोलायला लागल्यावर बिघडलं.

बाहेर तेच झालं. चर्चच्या मंडळीतले एक ज्येष्ठ गृहस्थ चालकाच्या भावाला घेऊन कॉरिडॉरमध्ये उभे होते. हेतू चांगला होता, हे मी आजही मान्य करतो. "बाई, क्षमा करून टाक. ग्लॅडिस स्टेन्सनी केली, तुला का जमू नये?" ती भिंतीकडे बघत म्हणाली, "केली." चार-पाच जण आमेन म्हणाले. भाऊ रडला. मी तिथेच होतो आणि मी काही बोललो नाही.

ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव चाबकासारखं वापरणाऱ्यांनी पूर्ण हकिकत सांगावी. 22 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशात मनोहरपूर इथे त्यांचे पती, मिशनरी ग्रॅहम, आणि फिलिप, टिमोथी ही दोन मुलं गाडीत जाळली गेली. त्यांनी क्षमा केली. खटला मात्र चालला, मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवली. क्षमेनं न्यायालयाला कुलूप लागलं नाही. आणि ती क्षमा कुणी कॉरिडॉरमध्ये मागून घेतलेली नव्हती.

तीन महिन्यांनी ती माझ्याकडे आली. येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत एका ओळीपाशी तिचा आवाज बंद होत होता: जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. "मी त्या दिवशी केली म्हणाले. मग खोटं बोलले का?"

मराठी बायबलनं इथे अपराधासाठी ऋण शब्द ठेवलाय, हे मला फार उपयोगी पडतं. मत्तयाच्या शुभवर्तमानातला, 18व्या अध्यायातला दृष्टांत तिच्यासमोर हिशेबासारखा मांडला. राजाचा चाकर दहा हजार तालंतांचा देणेकरी. एक तालंत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार, एक दिनार म्हणजे मजुराचा एक दिवस. सहा कोटी दिवसांची मजुरी. राजा ते सोडतो. या चाकराचं स्वतःचं दुसऱ्या चाकराकडून येणं शंभर दिनार, ते तो सोडत नाही. उपदेशात त्याला किरकोळ म्हणतात, पण ती तीन महिन्यांहून जास्त मजुरी आहे; येशूनं ती शून्य धरलेली नाही. शिवाय राजा आधी हिशेब घ्यायला बसतो, सोडतो नंतर. तिच्याकडून मात्र वही न उघडताच सही घेतली होती. म्हणून म्हटलं, ती ओळ आली की थांबा. प्रार्थना 'आम्ही' अशी आहे, 'मी' अशी नाही. ती ओळ तूर्त बाकीची मंडळी म्हणेल.

हे माझं म्हणणं सगळ्या सहकाऱ्यांना पटत नाही. एकानं विचारलं, ही सवलत कधी संपणार? प्रश्न रास्त आहे.

पुढच्या भेटीत ती वही घेऊनच आली. खरीखुरी, शाळेची, मुलीची उरलेली. काय काय गेलं ते लिहिलं होतं: वेणी घालायची वेळ, सहामाहीचा निकाल, नवऱ्याचा खोकला. म्हणाली, "यातलं माझं जे आहे ते कदाचित एक दिवस सोडेन. पण पोरीचं येणं मी कसं सोडू? तिनं मला कुठं सांगितलंय?"

मी लूक 23 काढलं. वधस्तंभावर येशू 'मी तुम्हाला क्षमा करतो' असं म्हणत नाही, बापाला, म्हणजे देवाला म्हणतो, तू त्यांना क्षमा कर. म्हणजे हिशेब तो वर सोपवतो. पोरीचं येणंही तिथेच सोपवता येईल का, असं मी विचारलं.

ती बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत राहिली. "सोपवलं असतं. पण तो सोडून देईल, त्याचीच तर भीती वाटते."

मला काही सुचलं नाही. तिनं वही पिशवीत घातली आणि पुढच्या मंगळवारी येते म्हणाली.