फुचूची अल्मंड आय

पुण्यात आमच्या घरी 'रेस' हा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जायचा. आईच्या माहेरच्या गल्लीतल्या एका माणसाला रेसचा नाद लागला आणि त्याचं राहतं घर गेलं, ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली होती की रेसकोर्स म्हणजे वाईट जागा एवढंच डोक्यात बसलं होतं. बाबा मात्र एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शनासाठी नेत, तेव्हा शेजारच्या रेसकोर्सजवळ हमखास थांबायचे. घोडा दिसला की म्हणायचे, "पैसे बाजूला ठेव. नुसतं जनावर बघ."

२०१८ साली नोकरीनिमित्त जपानला आले आणि घर मिळालं ते फुचूमध्ये. तोक्योच्या पश्चिमेला असलेलं हे गाव, आणि 'तोक्यो रेसकोर्स' आहे ते नेमकं इथेच. घरापासून चालत वीस मिनिटं. रविवारी दुपारी वारा इकडचा असला की मैदानातला आवाज आमच्या खिडकीपर्यंत येतो. आईला हे मी बरेच महिने सांगितलंच नव्हतं.

मला तिथे पहिल्यांदा घेऊन गेले शेजारचे आजोबा. सत्तरी ओलांडलेले, कानावर लाल पेन्सिल, हातात घडी घातलेलं रेसचं वर्तमानपत्र. तारीख होती २५ नोव्हेंबर २०१८, शर्यत होती जपान कप. आत शिरल्यावर मी चकित झाले. गवतावर चटया अंथरून डबे उघडून बसलेली कुटुंबं, बाबागाड्या, मुलांसाठी खेळायची जागा, आणि हवा स्वच्छ असेल तर स्टँडवरून दिसणारा फुजी पर्वत. गर्दी लाखाच्या घरात. आमच्या घरात ज्या जागेबद्दल कुजबुज व्हायची ती अशीही असू शकते, हे डोळ्यांनी बघूनही पटायला वेळ लागला.

आजोबांनी माझ्यासाठी शंभर येनचं एक तिकीट काढलं. एक नंबरच्या घोडीवर. नाव अल्मंड आय, वय तीन वर्षं.

तिच्याबद्दल त्यांनी त्या दुपारी जे सांगितलं आणि पुढे मी जे वाचत गेले, ते आधी सांगते. तिचा जन्म १० मार्च २०१५ चा, होक्काइदोतल्या नॉर्दर्न फार्मवरचा. आई फुसाइची पँडोरा स्वतः मोठी शर्यत जिंकलेली. बाप लॉर्ड कॅनलोआ, पण तो कमी अंतराचा, भन्नाट वेगाचा घोडा. हाँगकाँगची स्प्रिंट शर्यत त्याने लागोपाठ दोन वर्षं मारली होती. त्यामुळे ही पोर सुसाट सुटेल, पण लांबच्या शर्यतीत हिचा दम टिकायचा नाही, असं बऱ्याच जाणकारांना वाटत होतं. तिची मालकी कुणा एका धनाढ्याकडे नव्हती. सिल्क रेसिंग नावाच्या क्लबने तिचे ५०० वाटे केले होते आणि एका वाट्याची किंमत होती ६०,००० येन. म्हणजे रोज लोकल पकडून कामावर जाणारा माणूसही तिचा पाचशेव्या हिश्शाचा मालक होऊ शकत होता. असे मालक हात जोडून आपल्या घोडीकडे बघत उभे असतात, ते चित्र मला फार आवडतं.

पहिल्या शर्यतीत, ऑगस्ट २०१७ मध्ये निइगाताला, ती दुसरी आली. ऑक्टोबरमध्ये इथे फुचूला जिंकली. मग जानेवारी २०१८ मध्ये क्योतोला शिंझान किनेन नावाची शर्यत. सुटताना ती मागे राहिली आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात सगळ्या घोड्यांना बाहेरून ओलांडून गेली. एप्रिलमध्ये हानशिनला ओका शो, म्हणजे फिलींच्या, कोवळ्या वयाच्या घोडींच्या, तिहेरी मुकुटातली (तीन मोठ्या शर्यतींतली) पहिली शर्यत. तिथेही ती मागेच होती. पुढे लकी लायलक, तोवर एकदाही न हरलेली. अल्मंड आयने शेवटचे ६०० मीटर ३३.२ सेकंदांत कापले आणि त्या शर्यतीचा विक्रम मोडला. मी ती चित्रफीत किती वेळा पाहिली असेल याला गणती नाही. बाकीच्या घोड्या कुठे थांबल्या आहेत की काय, असं वाटतं.

मे महिन्यात मुकुटातली दुसरी, ओक्स, २४०० मीटर, इथेच फुचूला. दम टिकणार नाही म्हणणारे त्या दिवशी गप्प झाले. ऑक्टोबरमध्ये शूका शो जिंकून तिहेरी मुकुट पुरा झाला. जपानच्या इतिहासात तोवर हे करणाऱ्या ती धरून फक्त पाच फिली. त्यांतल्या दोघी, २०१० ची आपापाने आणि ही, एकाच ट्रेनरच्या हाताखाली तयार झाल्या: मिहो प्रशिक्षण केंद्राचे साकाए कुनिएदा.

आता त्या नोव्हेंबरच्या दुपारकडे येते. जपान कपमध्ये ती पहिल्यांदाच वयाने मोठ्या नरांसमोर उभी होती. वय आणि मादीपणाची सवलत मिळून तिच्या पाठीवर ५३ किलो, मोठ्या नरांच्या पाठीवर ५७. किसेकी नावाचा घोडा पुढे निघाला आणि तोंड न वळवता पळत राहिला. या वेळी अल्मंड आय मागे थांबली नाही, त्याच्या पाठोपाठ दुसरी धावली. इथल्या मैदानाला पलीकडच्या वळणावर एक मोठं झाड आहे. सगळे त्याला 'ओकेयाकी' म्हणजे मोठं केयाकी म्हणतात, खरं तर ते केयाकी नाहीच, एनोकी नावाचं वेगळंच झाड आहे. घोडे त्या झाडाआड जातात तेव्हा अख्खं स्टँड क्षणभर श्वास धरतं. झाडाआडून बाहेर आल्यावर उरतो ५२५.९ मीटरचा सरळ पट्टा, त्यातही चढ. त्या चढावर आकाशी रंगावर लाल ठिपक्यांचा पोशाख आणि पांढरी टोपी घातलेला तिचा जॉकी शांत बसून होता. शेवटच्या टप्प्यात तिने किसेकीला मागे टाकलं आणि पावणेदोन घोड्यांच्या लांबीने जिंकली.

ओरडा खरा उठला तो त्यानंतर, फलकावर वेळ आली तेव्हा. २ मिनिटं २०.६ सेकंद. आधीचा विक्रम २:२२.१ चा, तेरा वर्षांपूर्वीचा. गवतावरच्या २४०० मीटरची इतकी कमी वेळ जगात कुठेही नोंदली गेली नव्हती. आजोबांनी कानावरची पेन्सिल काढली, आकडा वर्तमानपत्रावर लिहिला आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले. त्या वर्षीच्या सर्वोत्तम घोड्यासाठी तिला पडलेली मतं एकमुखी होती.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जपान कप १९८१ साली सुरू झाला, परदेशी घोड्यांना बोलावून. त्या पहिल्याच शर्यतीत भारतातून एक घोडा आला होता, ओन ओपिनियन. जपानी लोकांनी त्याला 'भारताचा शिंझान' म्हटलं होतं. शिंझान हा त्यांचा १९६४ चा तिहेरी मुकुटाचा घोडा, त्याच्याच नावाची शर्यत अल्मंड आयने जिंकली होती. आपला घोडा मागेच राहिला, पण आजोबांना त्याचं नाव पाठ होतं. मी भारतातली आहे हे कळल्यावर त्यांनी सगळ्यात आधी तेच काढलं. परक्या देशात आपल्याकडच्या एका घोड्याचं नाव सदतीस वर्षांनी कुणाच्या तोंडी यावं, याचं मला भरून आलं होतं.

जॉकीबद्दलही सांगायला हवं. क्रिस्तोफ लमेर हा फ्रेंच माणूस. २०१५ पासून त्याच्याकडे इथला पूर्ण परवाना आहे, आणि तो मिळवायला त्याला परीक्षा द्यावी लागली. जिंकल्यावर तो जपानीत बोलतो. साध्या, नीट जोडलेल्या वाक्यांत. त्या काळात मी रोज रात्री जपानी व्याकरण घेऊन बसत होते. त्याच्या मुलाखती मी शिकवणीसारख्या ऐकल्या.

२०१९ च्या मार्चमध्ये ती दुबईला जाऊन जिंकून आली. जूनमध्ये यासुदा किनेनला सुटतानाच धक्का बसला, तिसरी आली. ऑक्टोबरच्या तेन्नो शोमध्ये तीन लांबीने जिंकली. मग हाँगकाँगला जायचं ठरलं होतं, पण तिला ताप आला. त्याऐवजी डिसेंबरमध्ये नाकायामाची आरिमा किनेन. तिथलं मैदान छोटं, वळणं जवळजवळ, आणि स्टँडसमोरून दोनदा जावं लागतं. पहिल्याच फेरीत ती लगाम ओढू लागली, आणि शेवटी नववी आली. इतक्या मागे ती कधीच आली नव्हती. पुढच्या मार्चमध्ये तिला विमानाने पुन्हा दुबईला नेलं. तिथे पोचल्यावर करोनामुळे सगळ्या शर्यतीच रद्द झाल्या आणि ती न पळता परत आली.

त्याच मार्चमध्ये माझंही पुण्याचं तिकीट रद्द झालं होतं. बाबांना जाऊन तेव्हा एक वर्ष झालं होतं आणि वर्षश्राद्धाला मी पोचू शकले नाही. मैदानात प्रेक्षकांना बंदी होती. रविवारी खिडकी उघडी ठेवली तरी आरडाओरडा येत नव्हता. मे महिन्यात तिने व्हिक्टोरिया माइल रिकाम्या स्टँडसमोर चार लांबीने जिंकली. तीनच आठवड्यांनी यासुदा किनेनला उतरवलं, तर ग्रान अलेग्रियाने तिला हरवलं.

हा तीन आठवड्यांचा मुद्दा लक्षात ठेवा. अल्मंड आय प्रत्येक शर्यतीत स्वतःला पार पिळून काढायची आणि मग तिला विश्रांती लागायची. त्यासाठी तिला फुकुशिमातल्या तेनेइ गावच्या केंद्रात पाठवत. कुनिएदांनी तिला जपून, अंतर ठेवूनच पळवलं. चार हंगामांत मिळून पंधराच शर्यती. १ नोव्हेंबर २०२० ला तिने तेन्नो शो पुन्हा जिंकली आणि गवतावरच्या पहिल्या दर्जाच्या शर्यतींतला आठवा विजय नोंदवला. सिंबोली रुडोल्फ, डीप इम्पॅक्ट असे दिग्गज सातवर थांबले होते. मुलाखतीत लमेरला रडू आवरेना. तिथेच थांबली असती तर कुणी एक शब्द बोललं नसतं.

ते थांबले नाहीत. चारच आठवड्यांनी, २९ नोव्हेंबरला, जपान कप. आणि समोर कोण? कॉन्ट्रेल: सात शर्यती, सात विजय, महिन्याभरापूर्वीच तिहेरी मुकुट. डेअरिंग टॅक्ट: पाच शर्यती, पाच विजय, फिलींचा तिहेरी मुकुट. दोघंही न हरलेले, दोघंही तीन वर्षांचे, आणि ती पाचची. जगभरात गाजला तो २०१८ चा विक्रम, पण माझ्या मते तिची खरी मोठी शर्यत हीच. त्या दिवशी तिला मिळवण्यासारखं थोडं होतं आणि गमावण्यासारखं सगळं.

प्रवेश सोडतीने होता आणि माझा नंबर लागला नाही. आजोबांच्या घरी मास्क लावून, दारं-खिडक्या उघड्या टाकून आम्ही टीव्हीसमोर बसलो. आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे बारा वाजून गेले होते, ती जेवणाची तयारी करत होती. "अगं, हे काय मला रेस दाखवतेस?" म्हणाली. मी म्हटलं, "आई, पैसे नाहीत लावलेले. नुसतं जनावर बघ." ती गप्प बसली. मग फोन भिंतीला टेकवून समोर बसली.

किसेकी याही वेळी पुढे सुटला, कितीतरी लांब. ती मागे चौथ्या-पाचव्या जागेवर निवांत. सरळ पट्ट्यात लमेरने तिला मोकळं केलं. किसेकी दमला, ती पुढे आली. बाहेरून कॉन्ट्रेल आला, डेअरिंग टॅक्ट आली. दोघांनीही जीव तोडला आणि दोघांनाही ती सापडली नाही. सव्वा लांबीने अल्मंड आय, मग कॉन्ट्रेल, मग डेअरिंग टॅक्ट. तिन्ही मुकुटवाले ओळीने पहिले तीन. नववा विजय. पंधरातल्या अकरा शर्यती तिने जिंकल्या, त्यातल्या सात इथे, माझ्या घरापासून वीस मिनिटांवर.

आजोबा टाळ्या वाजवत होते. फोनमधून आईचा आवाज आला, "दमली असेल गं ती. आता परत पळवणार नाहीत ना?"

"नाही आई. शेवटचीच होती."

"मग बरं," म्हणाली, आणि पोळ्या करायला उठली.

अल्मंड आय होक्काइदोला, जन्मली त्याच फार्मवर परत गेली. २०२२ च्या जानेवारीत तिला पहिलं शिंगरू झालं, एपिफेनिया या घोड्यापासून. डेअरिंग टॅक्टचा बापही तोच. आईला मी त्या शिंगराचा फोटो पाठवला, तर तिचा लगेच फोन आला: रंग आईवर गेलाय का, ते विचारायला.

आजोबांनी काढून दिलेलं शंभर येनचं ते तिकीट मी कधी वटवलं नाही. १४० येन मिळाले असते. ते देवघरापाशी, बाबांच्या फोटोच्या चौकटीत खोचलेलं आहे.