हिशेबी

मंगळवार, रात्री पावणेबारा

"दोघांची नावं टाकू, का एकाचंच?" भाड्याच्या घराच्या करारासाठी एजंटने एवढंच विचारलं. ज्याच्यासोबत मी राहायला जाणार आहे तो म्हणाला, दोघांची टाका. मी म्हणाले, थांबा. त्यावर तो हसून एजंटला म्हणाला, "ही जरा हिशेबी आहे." एजंटही हसला. मग पार्किंगचा विषय निघाला.

पाच तास होऊन गेले तरी कानात तेच. हिशेबी.

उधळी म्हटलं असतं तर चाललं असतं. भांडखोरही चाललं असतं. पतसंस्थेच्या कर्ज विभागात दिवसभर लोकांचे हप्ते, पगाराच्या स्लिपा, थकबाकीच्या याद्या तपासायच्या, तिथे "मॅडमना आकडा बरोबर कळतो" म्हणून कौतुक. आणि स्वतःच्या घराचा, म्हणजे अजून न झालेल्या घराचा कागद समोर आला की तीच खोड. बाईने काटकसर करावी पण हिशेब करू नये, असं काहीतरी आहे. जाऊ दे.

वही काढली. हो, हिशेबाचीच.

त्याचा हातात येणारा पगार 62,000. वैयक्तिक कर्ज 4 लाखांचं, 14 टक्के, 4 वर्षं, हप्ता 10,930. बाईकचा 3,100. कार्डावर 1,20,000 थकलेत, त्याची किमान रक्कम 6,000. झाले 20,030, पगाराच्या 32 टक्के. कुण्या सभासदाच्या फाइलीत हा आकडा असता तर मी पुढे सरकवली असती. हप्ते पगाराच्या 40-50 टक्क्यांच्या आत असले की सहसा कुणी अडवत नाही. पण यात निम्मं भाडं, 12,000, मिळवलं की काटा 52 वर जातो. राहायला जाणारीला भाडं मोजावंच लागतं.

मोठ्या कर्जाची भीती नाही वाटत. त्याला शेवट आहे, तारखेसकट. भीती कार्डाची. महिन्याला 3.5 टक्के म्हणजे 1,20,000 वर 4,200 व्याज, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 756. एकूण 4,956 नुसते हवेत गेले. 6,000 भरले तरी मुद्दल उतरलं 1,044. शिवाय थकबाकी असताना त्या कार्डावर काहीही नवीन घेतलं, अगदी अर्धा किलो चक्का, तरी बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून मीटर चालू. "मी दर महिन्याला वेळेवर भरतो," असं तो अभिमानाने सांगतो. भरतोच. किमान रक्कम.

हेच 1,20,000 जर 14 टक्क्यांच्या कर्जात वळवले तर 24 महिन्यांचा हप्ता साधारण 5,760 बसतो. आज भरतोय त्यापेक्षा 240 कमी, आणि दोन वर्षांत विषय मिटतो. अट एकच, वळवल्या दिवशी कार्ड बंद. ते पाकिटात राहिलं की वर्षभरात कर्जही असतं आणि कार्डही भरलेलं असतं; अशा माणसांना मी टेबलापलीकडून रोज बघते. आणि "अर्ध्यात मिटवून टाका सर" असा फोन आला तर हुरळायचं नाही. उरलेली रक्कम माफ होते, पण क्रेडिट रिपोर्टवर 'क्लोज्ड'च्या जागी 'सेटल्ड' पडतं आणि पुढे घरकर्जाला गेलं की पहिलं बोट त्यावरच.

मध्येच सोनेतारणाचा विचार येऊन गेला. दर कार्डाच्या पाव, पैसे तासाभरात. गणितात चोख बसतं. पण पावती ज्याच्या नावाची, कर्ज त्याचं. म्हणजे त्याच्या कार्डाचं ओझं उचलून माझ्या नावावर, आणि तेही आईच्या पाटल्या ठेवून... नको. आईला यात आणायचं नव्हतं.

खरी अडचण ही की वरचे सगळे आकडे तोंडी आहेत. तोंडी आकड्यावर मी 20,000 चं कर्जसुद्धा मंजुरीला ठेवत नाही. मार्चमध्ये तो म्हणाला होता, "थोडं कर्ज आहे." आमच्या टेबलावर कुणी "थोडं" म्हटलं की आम्ही खुर्ची पुढे ओढतो.

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क, लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणारे हे चार ब्युरो, चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा स्वतः काढला तर स्कोअर घसरत नाही. लोक नुसता स्कोअर दाखवतात, 300 ते 900 मधला एक आकडा. त्यावरून काही कळत नाही. बघायचं खाली, प्रत्येक खात्याच्या महिन्यांच्या चौकटींत. 000 म्हणजे वेळेवर, 032 म्हणजे हप्ता 32 दिवस थकलाय, तीन फुल्या म्हणजे देणाऱ्याने त्या महिन्याचं कळवलंच नाही. मग खातं कोणाचं ते: स्वतःचं, संयुक्त, की जामीनदार म्हणून. आणि सगळ्यात शेवटी चौकशांची यादी. सहा महिन्यांत सात ठिकाणी अर्ज टाकलेला माणूसही "थोडं"च म्हणतो.

पण मागायचा कसा? "जेवलास का" नंतर "रिपोर्ट पाठव"? मागितला की झालेच मी हिशेबी, आता पुराव्यासकट.

आणि रिपोर्टात न येणारं असतं ते वेगळंच. मित्राकडून घेतलेले, भिशीची आधीच उचललेली पाळी, ऑफिसातली उचल, सोनाराकडे ठेवलेलं. सगळ्याच पतसंस्था ब्युरोंना कळवतात असंही नाही. त्यामुळे एका मित्राच्या पतसंस्थेतल्या कर्जाला तो जामीन राहिलाय, ते त्यात दिसेलच याची खात्री नाही. "ते माझं कर्ज नाहीच ना," म्हणतो.

नाही कसं? 1872 च्या करार कायद्यातलं कलम 128. जामीनदारांना आम्ही ते सही घ्यायच्या आधी सांगतो आणि ते मान डोलावत मोबाईल बघत असतात. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याच्या मागे लागा मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नाही. हप्ते थकले की संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडे जाते, वसुली दाखला निघतो, त्यावर नावं तिघांची, कर्जदार आणि दोन्ही जामीनदार. पुढे कलम 156 आणि नियम 107, म्हणजे जप्ती. त्याआधी, फाइलीत पगारकपातीचं संमतीपत्र असेल तर पत्र सरळ ऑफिसला. वसुलीवाला नैतिकता बघत नाही, ज्याची स्लिप तगडी त्याच्याकडे आधी वळतो. तिघांत त्याची तगडी आहे.

हे सगळं मी त्याला नीट सांगितलं का? नाही. मी एजंटसमोर "थांबा" म्हणाले.

(चहा केला. साखर संपलीय, गुळाचा केला, फाटला.)

बरं, त्या "थांबा"चाही हिशेब करू. करारावर दोन नावं आली म्हणून त्याच्या कर्जाचा एक रुपयाही माझ्याकडे येत नाही. एका छताखाली राहून कर्ज लागत नाही, लग्न केलं तरी आपोआप लागत नाही. लागतं ते सहीने, सहकर्जदार म्हणून नाहीतर जामीनदार म्हणून. रेफरन्सला नंबर दिला तर फार तर फोन येतात, आणि वसुलीचे फोन सकाळी 8 च्या आधी नि संध्याकाळी 7 नंतर करायचे नाहीत हे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये सांगून ठेवलंय. अगदी कोर्टाची जप्ती आली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मुळे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण हलवता येत नाही. फ्रिज हलवता येतो. म्हणून फ्रिजचं बिल माझ्या नावाने, पैसे माझ्या खात्यातून, बिल फाइलीत.

दोन नावांनी अंगावर येतं ते भाडं. तो चुकला तर मालक पूर्ण 24,000 माझ्याकडे मागू शकतो. पण करार एकट्या त्याच्या नावाचा असता तर मी त्या घरात पाहुणी. पोलिसांच्या भाडेकरू नोंदीत नाही, पत्त्याचा पुरावा नाही, काही नाही. म्हणजे मला धरून ठेवणारा एकुलता एक कागद मीच थांबवला. वा, मॅडम. आकडा बरोबर कळतो.

करारात खरं अडून बसायचं ते दोन ओळींसाठी. एक, अनामत 75,000 पैकी कुणी किती दिले आणि परत कुठल्या खात्यात जाणार. दुसरी, भाड्याची तारीख. छापील मसुद्यात 5 तारीख आहे. त्याचा मोठा हप्ताही 5 लाच आपोआप जातो. पगार 1 ला. 3 ला भाडं दिलं आणि मागे कार्डाचं काही निघालं की 5 ला खात्यात खडखडाट, हप्ता परत, इकडे बँकेचा दंड, तिकडे कर्ज देणाऱ्याचा, आणि लगेच भरला नाही तर 000 ची चौकट गेली ती गेलीच. भाड्याची तारीख 10 करून घ्यायची. मालक एवढ्याला नाही म्हणत नाहीत. मुद्रांकाचंही बघितलं. 11 महिन्यांचं भाडं 2,64,000, अनामतीचे 10 टक्के 7,500, त्यावर 0.25 टक्का, साधारण 700. नोंदणी 1,000. बाकीचे एजंटचे, तिथे घासाघीस होते.

संयुक्त खातं नको. किराणा-विजेसाठी माझ्या नावाचं एक वेगळं बचत खातं, ज्यातून कुणाचाच हप्ता जात नाही, त्यात दोघांनी महिन्याच्या 2 तारखेला टाकायचे.

राहिलं भाड्याचं. निम्मं-निम्मं त्याला जड जाईल, म्हणून हप्ते जाऊन उरतं त्या प्रमाणात वाटून बघितलं. त्याचे उरतात 41,970. माझे 48,000. 24,000 चे वाटे पडतात: तो 11,196, मी 12,804.

दोनदा केलं. कॅल्क्युलेटरवरही केलं. निम्म्यापेक्षा मला 804 रुपये जास्त. संध्याकाळपासूनचा जीव ज्या भाड्यात टांगला होता त्याची किंमत दोघांच्या एका रविवारच्या थाळीएवढी. साडेबारा वाजलेत आणि मी एकटीच हसतेय.

बुधवार

सकाळी प्रस्तावना न करता लिहिलं, तुझा रिपोर्ट पाठवशील का, पूर्ण. उत्तर नाही. दुपारपर्यंत दोन फाइली चुकीच्या टाचल्या.

चार वाजता आला. 19 पानं. सोबत एक ओळ: "हिशेबी बाईंच्या माहितीसाठी सविनय सादर."

हसू आलं, आणि हसू आलं याचा राग आला.

कर्जाच्या चौकटी सगळ्या 000. कार्डावर मात्र 1,20,000 नाहीत, 1,31,400 आहेत. म्हणजे "थोडं" थोडंसं वाढलंय, वळवायचा हप्ताही वाढणार. चौकशा दोनच. जामीनकीची ओळ कुठेच नाही, मागून-पुढून दोनदा बघितलं. ती पेन्सिलने वहीत लिहिली, पुढे रक्कम मोकळी सोडली. शुक्रवारी त्याच्याकडे जेवायला जायचंय, तेव्हा संस्थेचं नाव विचारून खाते उतारा मागवायला सांगायचं, जामीनदाराने लेखी मागितला की सहसा देतात.

एजंट शनिवारी करारासाठी अंगठ्यांचे ठसे घ्यायला येतोय. म्हणाला, आदल्या रात्री क्रीम लावू नका, भांड्यांची पावडरही नको, ठसे उठत नाहीत. म्हणजे शुक्रवारची भांडी त्याची.

पण अंगठा त्याचाही लागणार आहे.