देणगी नाही, बिल द्या

फेब्रुवारी लागला की कंपन्यांना ३१ मार्च दिसायला लागतो. कंपनी कायद्यात बसणाऱ्या मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर, म्हणजे सीएसआरवर, खर्चावे लागतात, आणि ते उरले असतील तर या दोन महिन्यांत सगळ्यांचे फोन उचलले जातात. एरवी रिसेप्शनच्या पुढे जाता येत नाही.

मी नागपुरातल्या एका छोट्या ट्रस्टसाठी देणग्या गोळा करतो. आमची शाळा नाही, गोशाळा नाही. आम्ही एक मुक्त सॉफ्टवेअर सांभाळतो: जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा रूपात, आणणारा कन्व्हर्टर. कोणीही उतरवून घ्या, कोड बघा, बदला, पुढे द्या. वापरणाऱ्याला पैसे लागत नाहीत. आम्हाला लागतात.

‘त्यात काय, अक्षराला अक्षर बदलायचं’ असं म्हणणारे खूप भेटतात. त्यांना मी ‘स्थिती’ लिहून दाखवतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टायपिस्ट ऱ्हस्व वेलांटी आधी मारतो, मग अर्धा स, मग थ. युनिकोडला ती वेलांटी जोडाक्षर संपल्यावर हवी, म्हणजे अख्खा ‘स्थ’ ओलांडून पलीकडे न्यायची. रफाराचं उलट. ‘कर्म’मध्ये क, म आणि मग रफार असा टाइप होतो, युनिकोडला र आधी हवा. भ, श, ण ही अक्षरं अर्धा तुकडा आणि काना जोडून बनतात, त्यामुळे पुढचा काना अक्षराचा की शब्दाचा हे ओळखावं लागतं. मजकुरात मधेच इंग्रजी नाव असेल आणि फॉन्टची माहिती हरवली असेल, तर त्या नावाचा चिवडा होतो. आमचा प्रोग्रामर परसोडीच्या आयटी पार्कमध्ये दिवसा नोकरी करतो आणि रात्री हे निस्तरतो. त्याला आम्ही महिन्याला देतो तो आकडा इथे लिहायची मला लाज वाटते.

लोकांकडून पैसे येतच नाहीत असं नाही. युनिकोड सांभाळणारी संस्था, युनिकोड कन्सॉर्टियम, १०० डॉलरपासून अक्षर दत्तक देते, म्हणजे देणगीदाराचं नाव त्या अक्षरापुढे लावते. ते बघून आम्ही ५०१ रुपयांत देवनागरी अक्षरं दत्तक द्यायला काढली. महालातल्या एका निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांना ‘ळ’च हवा होता, तो आधीच गेला असेल म्हणून काळजीत होत्या. पावती घेताना त्यांनी नावातल्या ‘ळे’ची मात्रासुद्धा तपासून घेतली. अशा माणसांवर ट्रस्ट तगतो, पण प्रोग्रामर पूर्णवेळ ठेवता येत नाही.

म्हणून मिहान या इथल्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीत गेलो. जुनी कागदपत्रं डिजिटल करून देणं हा तिच्या धंद्याचा एक भाग. सीएसआर बघणाऱ्या मॅडम नीट बोलल्या, चहा दिला, फॉर्म पुढे केला. लाभार्थी किती? त्यात महिला किती? तालुका कोणता? कामापूर्वीचा फोटो, कामानंतरचा फोटो.

म्हटलं, मॅडम, आमच्याकडे मोजणी नाही. एक जण उतरवतो आणि पेन ड्राइव्हवर दहा जणांना देतो.

“अंदाजे लिहा ना सर.”

मग मी ओपनएसएसएलची गोष्ट काढली. जगातल्या बँका नि दुकानं ज्या कोडच्या भरवशावर आपले व्यवहार कुलूपबंद करत होती, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम २००० डॉलर देणगी मिळायची. २०१४ मध्ये हार्टब्लीडचं भोक सापडलं तेव्हा सगळे खडबडून जागे झाले आणि मोठ्या कंपन्यांनी निधी उभा केला. मॅडमनी वहीत लिहिलं: ‘सायबर सुरक्षा?’

कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांच्या यादीत, मुक्त सॉफ्टवेअर असं काही नाही. मी आम्हाला ‘कला, संस्कृती आणि वारसा’ यात बसवलं होतं. मॅडमना ते पटतही होतं. सॉफ्टवेअर उघडताना कंपनीचा लोगो आणि सेवांची यादी दिसली तर बरं, असं त्या म्हणाल्या. मी सांगितलं की आभार म्हणून नाव लावलं तर देणगीच राहते, सेवांची यादी लावली तर जाहिरात होते आणि जीएसटी येतो. हे मला झोपेतही पाठ आहे.

तेवढ्यात तांत्रिक मत द्यायला बोलावलेला त्यांचा इंजिनीअर आला. त्याने माझ्या कागदावरचं नाव वाचलं आणि खूश झाला.

“अरे, हे तर आपण वापरून राहिलो ना मॅडम! आपल्या सगळ्या फायली याच्यातूनच जाते.”

मला वाटलं, झालं काम. मॅडमनी मात्र पेन खाली ठेवलं. कंपनीच्या नेहमीच्या धंद्यातला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. आता त्यांना कळलं होतं की आम्ही त्यांच्या धंद्यातच आहोत. दहा मिनिटं आधी, त्यांचा आमच्याशी काही संबंध नसताना, आम्ही पात्र होतो.

“मग आपण हे विकत काऊन नाही घेतलं?” त्यांनी इंजिनीअरला विचारलं. त्यांचाही नागपुरी सूर पहिल्यांदाच निघाला.

“फुकट आहे ना मॅडम.”

त्यानेच मग बाहेर लिफ्टपाशी सुचवलं, “देणगीचं हेडच नाही आमच्याकडे. सपोर्टचं आहे. वर्षाचं बिल द्या, ३ लाखांपर्यंत मी पास करून घेतो.” माणूस मनापासून बोलत होता.

धरमपेठेतल्या आमच्या सीएंनी ते ऐकून डोकं हलवलं. आमचा ट्रस्ट आयकरात ‘सार्वजनिक उपयोगिता’ या गटात नोंदलेला. फी घेऊन केलेल्या कामाचं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेलं की करसवलत धोक्यात. देणग्या वर्षाला ४ लाखांच्या घरात, म्हणजे बिल १ लाखाचंच. “बाकीचे २ लाख घ्यायचे असतील तर आधी ८ लाख देणगी आणखी आणा, भाऊ,” असं म्हणून ते हसले. मी नाही हसलो.

१ लाखाची पर्चेस ऑर्डर आली. आमची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली, तरी व्हेंडर नोंदणीला जीएसटी क्रमांक सक्तीचा. ३६ महिन्यांची वॉरंटी. माल उशिरा पोचल्यास दर आठवड्याला अर्धा टक्का दंड. माल त्यांच्या मशीनवर कधीचा चालू आहे, आणि आमच्या परवान्यात ठळक लिहिलंय की कसलीही वॉरंटी नाही. ही तीन कलमं काढा म्हणून मी पत्र दिलंय. खरेदी विभागाचं म्हणणं, फॉरमॅट मुख्यालयातून येतो.

प्रोग्रामरला सांगितलं तर म्हणाला, “दादा, दंड भरायला आपल्याकडे आहे काय?”

पत्राला उत्तर नाही. त्याच इंजिनीअरने मधल्या काळात रफाराची एक चूक मात्र कळवली आहे, वर ‘अर्जंट’ लिहून. चूक खरी आहे. ‘र्‍या’ आणि ‘र्या’ची गल्लत होते. प्रोग्रामर आज रात्री बसणार आहे.