तुम्ही विचारलंत म्हणून: कमानीवरच्या त्या दोघी

आमच्याकडे लंडनला कुणी पाहुणे आले की एक फेरी ठरलेली. सकाळी हायगेटला क्रॉमवेल अॅव्हेन्यूवरचं ६५ नंबरचं घर, म्हणजे जुनं इंडिया हाउस. सावरकर इथे राहत होते अशी निळी पाटी भिंतीवर आहे. घर खाजगी, त्यामुळे नमस्कार आणि फोटो दोन्ही फुटपाथवरूनच. तिथून वॉटरलो पार्कातून आडवं जायचं आणि स्वेन्स लेनच्या उताराला लागायचं. तिथल्या दफनभूमीत कार्ल मार्क्स. सावरकर आणि मार्क्स, मध्ये एक बाग. आमच्या घरातल्या दोन्ही पक्षांची सोय एका सकाळीत होते.

मार्क्स झाला की पाय दुखायला लागलेले असतात, कुणीतरी चहाचं विचारतं. मी त्यांना उतारावरून आणखी खाली नेते, कारण कोपऱ्यावर हॉली व्हिलेज आहे. हिरव्या कुंपणामागे परीकथेतल्यासारखी टोकदार छपरांची, नक्षीदार लाकूडकामाची घरं आणि पुढे दगडी कमान. आत जायची सोय नाही, तीही खाजगीच. पण कमान रस्त्यावरून नीट दिसते. ए. जी. बी. कूट्स हिने बांधलं, सन १८६५, असं वर कोरलंय. आणि कमानीच्या दोन बाजूंना दोन दगडी बायका उभ्या आहेत.

आणि मग प्रश्न येतोच. गेल्या वीसेक वर्षांत चुकलेला नाही. "या दोघी कोण गं? बहिणी का?"

परवा व्हॉट्सअॅपवर एका मैत्रिणीनेही तेच विचारलं, आणि पुढे जोडलं, "की त्यांचं तसं काही होतं?" तीन ओळींत उत्तर द्यायला बसले आणि जमेना. म्हणून हे.

बहिणी नव्हत्या. त्या अँजेला बर्डेट-कूट्स आणि हॅना ब्राउन यांच्या मूर्ती, असं म्हणतात. एक त्या काळातली इंग्लंडमधली सगळ्यात श्रीमंत बाई, दुसरी तिची गव्हर्नेस. गव्हर्नेस म्हणजे घरी ठेवलेली शिकवणीची बाई: पगार घेणारी, नोकरांच्या वरची आणि मालकांच्या खालची, जेवायच्या टेबलावर कुठे बसवायचं हा पेच पडणारी.

अँजेलाचा जन्म १८१४चा. वडील सर फ्रान्सिस बर्डेट, तेव्हाचे गाजलेले जहाल पुढारी. आईचे वडील थॉमस कूट्स, राजघराण्याचे पैसे सांभाळणाऱ्या बँकेचे मालक. या आजोबांनी म्हातारपणी हॅरियट मेलन नावाच्या नटीशी दुसरं लग्न केलं. घरात व्हायची ती आदळआपट झाली. आजोबा गेल्यावर हॅरियटबाईंनी आपल्याहून वीसेक वर्षांनी लहान असलेल्या एका ड्यूकशी लग्न केलं, पण बँकेतला वाटा आपल्याच नावावर ठेवला. १८३७ साली त्या वारल्या आणि मृत्युपत्र उघडलं, तर सगळं धाकट्या सावत्र नातीला. अँजेला तेव्हा २३ वर्षांची. रक्कम साधारण १८ लाख पौंड. सॉव्हरिन म्हणजे एका पौंडाचं सोन्याचं नाणं, वजन आठ ग्रॅमच्या आसपास. गुणाकार करून पाहिला तर सोनं १४ टनांवर जातं. मला लाखांचे आकडे कळत नाहीत, टन कळतात.

मृत्युपत्रात अटी होत्या. कूट्स आडनाव लावायचं. आणि परदेशी माणसाशी लग्न करायचं नाही; केलंस तर पैसा गेला. ही दुसरी अट लक्षात ठेवा.

२३ वर्षांची बिनलग्नाची मुलगी आणि १४ टन सोनं. पुढे काय झालं असेल ते आपल्याकडच्या कुठल्याही वधूवर मेळाव्यात बसलेल्या माणसाला सांगायला नको. लग्नाळू पुरुषांची रीघ लागली. रिचर्ड डन नावाचा एक आयरिश बॅरिस्टर तर हॅरोगेटला ती उतरलेल्या हॉटेलात जाऊन राहिला आणि पुढे कित्येक वर्षं तिच्या मागे लागला. पत्रं, पाठलाग, कोर्टकज्जे, तुरुंगवास. बाहेर आला की पुन्हा तेच.

आणि इथे हॅना येते. खरं तर ती आधीपासून होतीच. अँजेला बारा वर्षांची असताना हॅना मेरेडिथ त्या घरात शिकवायला आली. मुलगी मोठी झाली, शिकवणी संपली, बाई गेल्या नाहीत. पिकॅडिलीजवळ स्ट्रॅटन स्ट्रीटच्या घरात लग्नाची मागणी घालायला कुणी आलं, की हॅना शेजारच्या खोलीत बसायची, असं सांगतात. गडी मुद्द्यावर आला की अँजेला खोकायची. खोकला ऐकू आला की हॅना काहीतरी निमित्त काढून आत यायची. मला हा प्रसंग डोळ्यांसमोर आणायला फार आवडतं. बाहेरच्या खोलीत लोकर आणि सुया घेऊन बसलेली बाई, कान दाराकडे. आणि आत गुडघ्यावर टेकलेला कुणी लॉर्ड, ज्याला आपल्याच वाक्यानंतर हा खोकला का आला ते आयुष्यभर कळणार नाही.

लग्नाची मागणी अँजेलाने स्वतःही एकदा घातली. तीही कुणाला, तर वॉटर्लूची लढाई जिंकलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनना. १८४७चा फेब्रुवारी. ती ३२ वर्षांची, ते ७७. म्हाताऱ्याने दुसऱ्याच दिवशी लिहून कळवलं की तुझ्या आजोबांच्या वयाच्या माणसापायी स्वतःला वाया घालवू नकोस. मैत्री मात्र ते जाईपर्यंत टिकली. हॅनाला या सगळ्याबद्दल काय वाटलं असेल याची मला जास्त उत्सुकता आहे, कारण त्या वेळी तिचं स्वतःचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती.

हो, हॅनाने लग्न केलं होतं. १८४४ साली, डॉक्टर विल्यम ब्राउन यांच्याशी. इथे पाहुण्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. "म्हणजे मग संपलंच की!" संपलं नाही. हॅना सासरी गेली नाही, डॉक्टरच या गोतावळ्यात आले. राहणं अँजेलाच्या लगत, प्रवास अँजेलाबरोबर. आपल्याकडे याला सरळ घरजावई म्हणतात. फरक इतकाच, की सासरा नव्हता, बायकोची मैत्रीण होती. अकरा वर्षांनी, १८५५ साली, डॉक्टर फ्रान्समध्ये वारले आणि त्या पुन्हा दोघीच उरल्या.

हॅना गोड स्वभावाची वगैरे होती, असं समजू नका. अँजेलाचा मोठा दोस्त म्हणजे चार्ल्स डिकन्स. त्याच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड' कादंबरीतली ती रोझा डार्टल आठवते? "मला आपलं माहितीसाठी विचारायचं होतं" म्हणत समोरच्याची पार सालं काढणारी? ती बोलण्याची लकब डिकन्सने हॅनाकडून उचलली, असं अभ्यासक मानतात. बाई बोचरी असणार. आजारीही वरचेवर असायची. अशा माणसाबरोबर जन्म काढायला नुसती माया पुरत नाही, सवय लागते.

अँजेलाच्या दानधर्माबद्दल इथे फार लिहीत नाही. तिने आयुष्यात तीस लाखांहून जास्त पौंड वाटले, म्हणजे वारशापेक्षाही जास्त. शाळा, चर्चं, गरिबांसाठी घरं. फेरीवाल्यांच्या गाढवांना नीट वागवावं म्हणून ती झटायची, आणि त्या फेरीवाल्यांनी तिला चांदीचं गाढव भेट दिलं होतं. पूर्व लंडनमध्ये तिने राजवाड्यासारखी भाजी मंडई बांधली, आणि ती सपाटून आपटली. भाजीवाले रस्त्यावरच बसत राहिले, जसे आपल्याकडेही बसतात. १८७१ साली राणी व्हिक्टोरियाने तिला बॅरोनेस केलं.

एकच काम जरा थांबून सांगते. १८४७ साली शेपर्ड्स बुशला तिने डिकन्सच्या मदतीने युरेनिया कॉटेज काढलं. रस्त्यावर आलेल्या, तुरुंगातून सुटलेल्या मुलींनी तिथे राहायचं, स्वयंपाक-शिवण शिकायचं आणि मग ऑस्ट्रेलिया, कॅनडासारख्या वसाहतींत जाऊन नवं आयुष्य मांडायचं. पैसा तिचा, कारभार त्याचा. त्यांचं भांडण कशावरून? मुलींच्या कपड्यांच्या रंगावरून. तिला साधे, मळखाऊ रंग हवे होते. डिकन्स म्हणायचा, या पोरींना रंग हवा असतो, तो द्या. या भांडणात मी डिकन्सच्या बाजूने आहे. पैसे देणाऱ्याला घेणाऱ्याच्या अंगावर करडं कापडच बरं दिसतं, हा रोग जुना आहे.

असो. हॅनाकडे येते.

१८७८च्या डिसेंबरात हॅना गेली. अँजेला ६४ वर्षांची होती आणि पार मोडून पडली. एका स्नेह्याला तिने कळवलं, त्याचा अर्थ असा: माझी बिचारी लाडकी, बावन्न वर्षं माझ्या आयुष्यातली सोबत आणि ऊन. इंग्लंडमध्ये राहिल्याशिवाय या 'ऊन' शब्दाचं वजन कळणार नाही. नोव्हेंबरात दुपारी चारला अंधारतं इथे. उन्हाची उपमा देतात ती काही सहज नाही.

आणि 'सोबत'. हा शब्द मला मराठीतून फार जवळचा. लहानपणी आमच्या वाड्यात एक आजी एकट्या राहायच्या, त्यांचे यजमान गेले तेव्हा महिनाभर रोज रात्री मला त्यांच्याकडे सोबतीला झोपायला पाठवत. मी दहा वर्षांची. चोर आला असता तर माझा काय उपयोग होता? पण मी घोरायला लागले की मगच त्यांना झोप लागायची, असं त्या आईला सांगायच्या. तेव्हापासून सोबत म्हणजे माझ्या लेखी कुणाच्या तरी श्वासाचा आवाज.

तर "त्यांचं तसं काही होतं का?" त्या प्रेयसी होत्या असं काही इतिहासकारांचं म्हणणं आहे. मला ते अजिबात अशक्य वाटत नाही आणि लाजिरवाणंही वाटत नाही. पण माझं उत्तर वेगळं आहे. एकीने खोकायचं, दुसरीने दार उघडायचं. एकीचा नवरा आला तर त्यालाही घरात सामावून घ्यायचं. तो गेला की उरलेली वर्षं पुन्हा दोघींनी काढायची. याला आपल्या भाषेत संसार म्हणतात. तो त्यांनी केला. कोणी दाराआड काय केलं हे विचारल्याशिवाय आपण एरवीही लोकांचे संसार मान्य करतोच की.

आता ती अट आठवा.

हॅना गेल्यावर दोनेक वर्षांनी, १८८१च्या फेब्रुवारीत, ६६ वर्षांच्या अँजेलाने लग्न केलं. नवरा विल्यम अॅशमीड बार्टलेट, वय २९, तिचाच सेक्रेटरी. तो अमेरिकेत जन्मलेला, म्हणजे मृत्युपत्राच्या भाषेत परदेशी. राणी व्हिक्टोरियाने या लग्नाला वेडेपणा ठरवलं. लंडनभर कुचाळक्या झाल्या. मोठ्या बहिणीने अटीवर बोट ठेवलं आणि अँजेलाचं पाचातले तीन हिस्से उत्पन्न गेलं. नवऱ्याने मात्र बायकोचं आडनाव लावलं, पुढे तो खासदार झाला, आणि ती १९०६ साली जाईपर्यंत दोघं एकत्र राहिली. ती गेली ३० डिसेंबरला. त्याच वर्षीच्या जुलैत सावरकर लंडनला आले होते, हे मी क्रॉमवेल अॅव्हेन्यूवरून आलेल्या पाहुण्यांना मुद्दाम सांगते. हायगेटची टेकडी तीच. तिचं उन्हाळ्यातलं घर हॉली लॉज याच उतारावर होतं.

पण मला या अटीत वेगळीच गंमत दिसते. हॅरियटबाई पोहोचलेल्या होत्या. जगात स्त्रीचा पैसा कुठल्या वाटेने जातो ते त्यांना पक्कं ठाऊक होतं: नवऱ्याच्या वाटेने. म्हणून ती वाट त्यांनी कलम घालून अडवली. शिकवणीच्या बाईबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, कारण त्या वाटेने काही जाऊ शकतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. लग्न केल्याबद्दल तिला पाचातले तीन हिस्से मोजावे लागले. हॅनाबरोबरच्या बावन्न वर्षांवर कुणी दमडीचा दंड लावला नाही. लावायला तो संसार कुणाला दिसायला हवा होता.

हॉली लॉज नंतर पाडलं. १९२०च्या दशकात त्या जागेवर वसाहत झाली आणि तिच्यात मोठमोठ्या इमारती उठल्या, त्या लंडनला नोकरीसाठी येणाऱ्या एकट्या बायकांसाठी. कारकून, टायपिस्ट. एकेकीला एकेक खोली. उतारावरून जाताना त्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या इमारती दिसतात. मी त्याही दाखवते, पण तोवर कुणाचं लक्ष नसतं, सगळ्यांना चहा हवा असतो.

गेल्या उन्हाळ्यात माझी मामेसासू आली होती, वय ७९, गुडघे गेलेले. मार्क्सला तिने लांबूनच हात केला. हॉली व्हिलेजपाशी मात्र कुंपणाला टेकून सगळी गोष्ट ऐकली, डॉक्टर ब्राउनसकट. मग चष्मा पुसून कमानीकडे बघत म्हणाली,

"आणि त्या नवऱ्याचा पुतळा कुठाय गं?"

"इथे नाहीये, मामी. कमान १८६५ची. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता."

"आणि तो घरजावई?"

"तो दहा वर्षांपूर्वीच गेलेला."

"अस्सं," म्हणाली, आणि पर्समधून फोन काढून दोघींचा फोटो घेतला. डावीकडची जरा कापली गेली म्हणून पुन्हा घेतला.