भोसरीचा गाळा ते तांब्याचा काउंटर : आमची वाटचाल

१९९१ साली बाबांनी पुण्याजवळ भोसरीत दहा बाय तीस फुटांचा गाळा भाड्याने घेतला. बाहेरच्या पाटीवर दोनच ओळी होत्या : खिडकीच्या ग्रिल्स, रोलिंग शटर. चिंचवड, निगडी, मोशीकडे इमारती उभ्या राहत होत्या, त्यामुळे पुढची पंधरा वर्षं त्या दोन ओळींवर घर चाललं. मी डिप्लोमा करून २००६ मध्ये गाळ्यात आलो. हॉटेलचं पहिलं काम आलं ते एका आर्किटेक्ट मॅडममुळे. त्यांच्या घराच्या ग्रिल आम्ही केल्या होत्या. औंधमधल्या एका रेस्टॉरंटला लोखंडी चौकोनी पाइपचं पार्टिशन हवं होतं. बाबा म्हणाले, "ग्रिलसारखंच आहे, चार दिवसांत देऊ."

चार दिवसांत दिलं, आणि पाचव्या दिवशी सगळं परत आलं.

ग्रिल दुसऱ्या मजल्यावर असते, ती खालून बघायची. वेल्डिंगचा टाका थोडा फुगलेला राहिला तरी ऑइल पेंटचे दोन हात त्याला झाकून घेतात. पार्टिशनला मात्र खेटून माणूस जेवायला बसतो. जेवण येईपर्यंत त्याचं बोट नकळत जोडावरून फिरतं. मॅडमनी आमच्यासमोर तसंच बोट फिरवलं आणि एक शब्द न बोलता ते आम्हाला दाखवलं. बारीक रक्त आलं होतं. पुढचे सहा दिवस-रात्री आम्ही फक्त घासकाम केलं. आईने तेव्हा घरातून जुनी नायलॉनची ओढणी आणली आणि सगळ्या कडांवरून फिरवली. जिथे धागा अडकला तिथे खडूने खूण केली. आजही गाळ्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक तुकड्यावरून ओढणी फिरते. साडीचा पदर आमच्या कामात अडकता कामा नये, एवढं ते साधं आहे.

मग स्टेनलेसची कामं येऊ लागली. ३०४, २०२ ही स्टेनलेसच्या प्रतींची नावं. बाजारात ३०४ सांगून २०२ गळ्यात मारणारे पुष्कळ. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त. दोन्हींना लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे चुंबकाने काही कळत नाही. त्यासाठी टेस्टिंग लिक्विडचा थेंब टाकावा लागतो. पत्रा गाडीतून उतरायच्या आधी थेंब टाकायचा, ही सवय लागली.

तरी आमचा सगळ्यात मोठा फटका अस्सल मालानेच दिला. गोव्यात समुद्राकाठच्या एका हॉटेलला लेझर कटिंगच्या जाळ्या करायच्या होत्या. खाऱ्या वाऱ्याला ३०४ पुरत नाही, म्हणून मॉलिब्डेनम असलेलं ३१६ घेतलं, टेस्ट सर्टिफिकेटसकट. जाळ्या लागल्या, फोटो निघाले, आणि तिसऱ्या आठवड्यात मॅनेजरांचा फोन आला : तपकिरी ठिपके पडलेत. मी पत्रेवाल्यावर भडकलो. पण थेंब टाकून पाहिला तर माल बरोबर होता. चूक आमची होती. ज्या टेबलावर आम्ही साधं लोखंड घासायचो, त्याच टेबलावर, घासायच्या त्याच चकत्यांनी स्टेनलेस घासलं होतं. लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसले आणि गंजले ते. भरीला, तिथली सफाईची माणसं फरशीचं ॲसिड मारून जाळ्याही पुसत होती. आम्ही तिघे गोव्याला गेलो, पिकलिंग पेस्ट, म्हणजे गंज खाणारा ॲसिडचा लेप लावून, भरपूर पाण्याने धुऊन सगळ्या जाळ्या साफ केल्या. नऊ दिवस लागले, खर्च आमच्या खिशातून गेला. परत आल्यावर गाळ्याच्या मधोमध भिंत घातली. पलीकडे लोखंड, अलीकडे स्टेनलेस. चकत्या वेगळ्या, ब्रश वेगळे, टेबलावर रबर. आणि तेव्हापासून नव्या गिऱ्हाइकाला भावाआधी एक प्रश्न विचारतो : हे रोज कोण पुसणार, आणि कशाने?

लोकांना तो प्रश्न विचित्र वाटतो. पण उद्घाटनाच्या दिवशी सगळंच चमकतं. पुढची दहा वर्षं ते फडक्याच्या आणि फिनाइलच्या हवाली असतं.

याच प्रश्नामुळे पितळेची बरीच कामं आम्ही स्वतःहून दुसरीकडे वळवली. पितळ रोज हात लागणाऱ्या जागी काळवंडतं आणि वरून लॅकरचा पारदर्शक थर मारला तर तो कडांना सुटतो. मग स्टेनलेसवर पीव्हीडी सुचवतो : निर्वात पेटीत टायटेनियम नायट्राइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि सोनेरी रंग येतो. मात्र नंतर टाका मारला तर तिथला रंग जळतो. म्हणून तुकडे आधीच पेटीत मावतील असे पाडायचे आणि जोड लपत्या स्क्रूने घ्यायचे, हे कागदावरच ठरवावं लागतं. लिफ्टचं मापही तेव्हाच घ्यायचं. साडेआठ फुटी तुकडा आठ मजले जिन्याने चढवल्यावर आम्हाला ते पाठ झालं.

आता माझ्या आवडीच्या कामाबद्दल. कोरेगाव पार्कातल्या एका बारला चौदा फुटी तांब्याचा काउंटर हवा होता, ठोक्यांचा. कुणीतरी मशीनवर छापलेला पत्रा सुचवला होता. मी नमुना घेऊन कसब्यात तांबट आळीत गेलो. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही आळी. हंडे-बंब घडवताना भांड्यावर ओळीने एकसारखे ठोके पडतात, त्याला ते मठारकाम म्हणतात. तिथल्या एका आजोबांनी नमुन्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दादा, याला ठोका लागलेलाच नाही. ठोक्यानं तांबं घट्ट होतं, याचं ते झालेलं नाही."

ते आणि त्यांचा नातू महिनाभर चार तुकडे मठारत होते. तांबं ठोकून कडक झालं की ऐकत नाही, तडकतं. मग तापवून मऊ करायचं आणि पुन्हा हातोडा. चार तुकडे अशासाठी की चौदा फुटी अखंड पत्रा उन्हाळ्या-हिवाळ्यात दोनेक मिलिमीटर हलतो आणि खालच्या प्लायवरून सुटतो. जोडात तेवढी जागा सोडली.

पंधरा दिवसांत मालकांचा संतापलेला फोन : लिंबाचे डाग पडले, ग्लासांची वर्तुळं उठली. पॉलिश करून द्या म्हणाले. मी करून देईन म्हटलं, पण सहा महिने थांबा अशी विनंती केली. त्याच रात्री गाळ्यात एका फळ्यावर तांबं, पितळ, स्टेनलेसचे तुकडे मांडले आणि प्रत्येकावर लिंबू, कॉफी, फिनाइल, मीठ-पाणी टाकून ठेवलं. तो फळा आता ऑफिसच्या भिंतीवर आहे. नमुना म्हणून नवा चकचकीत तुकडा आम्ही एकटा कधीच देत नाही, सोबत डागलेला भाऊ असतो.

२०२० च्या लॉकडाउनबद्दल जास्त सांगवत नाही. हॉटेलं बंद, तीन ठिकाणचे पैसे अडकलेले. पायाने दाबायचे सॅनिटायझर स्टँड करून अकरा जणांचा पगार काढला. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत चुकतं करा, असं कायदा २००६ पासून सांगतो. एका मोठ्या गिऱ्हाइकाने आम्हाला चौदा महिने फिरवलं. त्यानंतर अर्धे पैसे आल्याशिवाय पत्रा कापत नाही. काही कामं त्यामुळे गेली, जाऊ दिली.

मागच्या महिन्यात त्या बारमध्ये गेलो होतो. मालकांनी पॉलिशचा विषय परत कधी काढला नाही. काउंटर सुपारीच्या रंगाचा झालाय, ठोक्यांच्या खळग्यांत जरा गडद. फक्त उजव्या टोकाला, जिथे लिंबं पिळतात, तिथे हातभर जागा अजून नव्या तांब्यासारखी गुलाबी आहे.